पंचावन्न इंची सुसंवाद

आमच्या पतसंस्थेच्या दारात पूर्वी एक फळा होता. लाकडी चौकटीचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. शिपाईमामा रोज सकाळी ओल्या फडक्यानं कालचा मजकूर पुसायचे आणि खडूनं नवा लिहायचे. मामा सातवी पास, पण अक्षर असं की मुदत ठेवीचे दरसुद्धा लग्नपत्रिकेसारखे वाटायचे. "उद्या संस्थेचे कामकाज बंद राहील", त्याखाली रेघ, रेघेखाली "हुकमावरून". हुकूम कुणाचा, हे त्या फळ्यानं वीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मग चेअरमनसाहेब लेकीकडं पुण्याला गेले आणि तिथल्या एका बँकेत भिंतीवर हलणाऱ्या जाहिराती बघून आले. पुढच्याच मीटिंगला कोल्हापूरहून एक टाय लावलेला तरुण लॅपटॉप घेऊन हजर. त्यानं 'डिजिटल साइनेज' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की चहा द्यायला आत गेलेल्या मामांनी बाहेर येऊन सगळ्या स्टाफला सांगितलं, "चेअरमनसायबांस्नी डिजिटल सायनस झालाय. मिरजंला दाखवायला पायजे."

मुलगा बोलला मात्र शहाणपणाचं. घरचा टीव्ही रोज दहा-बारा तास चालवण्यासाठी नसतो, दुकानात लावायचे पडदे वेगळे, जास्त उजेडाचे, दिवसभर चालायच्या बेतानं केलेले. दाराच्या समोर लावू नका, ऊन मारेल. एका पानावर एकच गोष्ट लिहा, अक्षर मोठं ठेवा. संचालकांनी हे सगळं माना डोलावत ऐकलं आणि शेवटी फक्त किंमत ऐकली. एका संचालकांच्या मेव्हण्याचं टीव्हीचं दुकान होतं. दसऱ्याच्या ऑफरमध्ये तिथून ५५ इंची घरगुती टीव्ही आला आणि दाराच्या बरोबर समोर लागला. कारण खिळे तिथं आधीच होते.

सकाळी दहा ते बारा त्यावर ऊन यायचं. तेवढ्या वेळात संस्थेचा सभासदांशी जो काही सुसंवाद झाला तो आरशाच्या रूपानं झाला. बायका पदर नीट करून घ्यायच्या, पिग्मी एजंट भांग पाडायचा.

आता हे यंत्र चालवायचं कुणी? मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे ना? मग तुम्हीच बघा." माझे वडील किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. ह्या न्यायानं मी फाउंड्रीत लोखंडही ओतायला पाहिजे होतं. पण कर्जविभागात बाई म्हणून पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस वाद घालत नाही, पेन ड्राइव्ह हातात घेतो.

टीव्हीच्या मागं काडेपेटीहून थोडा मोठा डबा जोडला होता. पेन ड्राइव्हवरचं तो उचलणार आणि पडद्यावर फिरवत राहणार. मी दोन संध्याकाळ खपून मजकूर टाइप केला आणि सोमवारी सकाळी बटण दाबलं. पडद्यावर आलं: "ज् येष् ठ नागरकिांसाठी वशिेष व् याजदर".

पहिले वाचक होते आमचे निवृत्त गुरुजी, वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बाई, ज्येष्ठांचे पाय मोडलेले आम्हाला ठाऊक आहे. संस्थेनं ते भिंतीवर लावायची काय गरज होती?"

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, त्या डब्याला अक्षरं माहीत आहेत, जोडाक्षरं करता येत नाहीत. सगळं कॉम्प्युटरवर लिही आणि चित्र म्हणून टाक, मग त्याला काही कळायची गरजच उरत नाही." ही युक्ती मी पुढं इतर काही बाबतींतही वापरली, पण ते घरचं आहे.

पाय जुळले. मग माणसं आली. "आमचा फोटो कधी लागणार?" असं कुणीच विचारलं नाही. प्रत्येक संचालकानं फक्त "बाकीच्यांचे लागलेत वाटतं" एवढंच म्हटलं. तेरा संचालक, प्रत्येकी दहा सेकंद, कमी केले तर पुढची निवडणूक मला लढवावी लागली असती. संस्थापकांना वीस. चेअरमनसाहेबांच्या शुभेच्छांना वीस. "सभासद हेच आमचे दैवत" ह्या गणपती मंदिराच्या फोटोवरच्या वाक्याला दहा. झाली बरोबर तीन मिनिटं. त्यानंतर ठेवीचे दर, सहा सेकंद. तेही एकाच पानावर, ४६ दिवसांपासून पाच वर्षांपर्यंतचे सगळे, मुंग्यांच्या रांगेसारखे.

सांगलीवाडीचा एक शेतकरी हळदीची पट्टी घेऊन मार्केट यार्डातनं थेट आमच्याकडं आला होता. पैसे वर्षभरासाठी ठेवायचे होते. तो पडद्यासमोर हात जोडल्यासारखा उभा राहिला. संचालक गेले, संस्थापक गेले, दर आले, आणि नेमका तेव्हा त्याला फोन आला. परत तेरा संचालक. दुसऱ्या खेपेला पुढं कुणीतरी छत्री उघडी ठेवली. तिसऱ्या खेपेनंतर तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "वहिनी, ही तेराबी मानसं मला आता भावकीतली वाटाय लागली. वर्साला किती टक्के ते तेवढं तोंडानं सांगा की."

गुरुजींनी वेगळा मार्ग काढला. ते वही घेऊन बाकावर बसायचे आणि दर फेरीला एक ओळ उतरवून घ्यायचे. चार दर उतरवायला पाऊण तास लागला, कारण मध्ये दोनदा लाइट गेली आणि गाडी पुन्हा पहिल्या संचालकापासून सुरू झाली.

एवढ्यावर चेअरमनसाहेबांचं समाधान नव्हतं. कर्मचाऱ्यांशीही सुसंवाद पाहिजे. म्हणून आतल्या खोलीत एक जुना टीव्ही लावून त्यावर वाढदिवस, वसुलीत आघाडीवर कोण, आणि सूचना. दोन टीव्ही, दोन पेन ड्राइव्ह, दोन्ही एकाच रंगाचे. पुढं काय झालं ते सांगायला नकोच, पण सांगते. महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनची गर्दी उसळलेली असताना, बाहेरच्या पडद्यावर मोठ्या ठळक अक्षरात आलं: "कर्मचाऱ्यांसाठी सूचना. ग्राहकांशी हसतमुखाने बोलावे. उद्धट उत्तरे देऊ नयेत. जेवणाची सुट्टी अर्धा तासच आहे."

आजवर पडद्यावरचं इतक्या लोकांनी इतक्या लक्षपूर्वक काहीच वाचलं नव्हतं. एका आजींना वाचता येत नव्हतं, त्यांना शेजारच्या बाईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी रांग सोडून कॅशियरच्या खिडकीशी आल्या. "ए बाबा, हस की. तितं लिवलंय." आमचा कॅशियर हसला. १९९८ साली कायम झाल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. आजींनी नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

मग पाऊस लागला.

सांगलीत जुलै संपत आला की व्याजदर, सोनं, राजकारण, सगळं मागं पडतं आणि एकच प्रश्न उरतो: "आयर्विनला किती?" कृष्णेवरचा १९२९ सालचा तो पूल इतर गावांना पूल असेल, आम्हाला तो फूटपट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ज्यांच्या घरात शिरलं ते लोक अजूनही ३० झालं की माळ्याकडं बघायला लागतात. कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती चाललंय, हे इथल्या पोराटोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं.

त्या दिवशी सकाळपासून फोनवर तोच प्रश्न. कर्जाच्या हप्त्याला म्हणून आलेला माणूससुद्धा आधी तेच विचारायचा. कंटाळून मी एका पानावर फक्त एवढंच लिहिलं: "आयर्विन पूल. सकाळी ११. ३६ फूट." काळ्यावर पांढरं, पडदाभर अक्षर. संचालक, संस्थापक, दैवत, सगळे काढून ठेवले.

अर्ध्या तासात संस्थेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा भडंगवाला आला, समोरचा चपलांच्या दुकानातला पोरगा आला, रिक्षावाले दारातनं डोकावून पुढच्या रिक्षाला ओरडून सांगायला लागले. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटमधली एक बाई तर आकडा बघून तिथंच मटकन बसली आणि मग उठून घरी सामान हलवायला गेली. दर तासाला मी आकडा बदलत होते. कोल्हापूरच्या त्या पोरानं एका पानावर एकच गोष्ट म्हटलं होतं ती हीच असावी.

दुपारी चेअरमनसाहेबांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, काय गर्दी म्हणे! आपला डिस्प्ले हिट झाला. आता असं करा, त्या आकड्याखाली छोटंसं, 'सौजन्य' म्हणून माझा फोटो..."

"साहेब, पाण्याला सौजन्य कसं लिहू? लोक म्हणतील, तुम्हीच सोडलं."

पलीकडं थोडा वेळ शांतता. "राहू दे मग," ते म्हणाले.

चारच्या सुमाराला बाहेर डीपीत काहीतरी मोठ्यानं उडालं आणि पडदा काळा झाला. इन्व्हर्टर कॅश काउंटरपुरताच. अंधारात पन्नासेक माणसं एका काळ्या काचेकडं बघत उभी. कुणीतरी विचारलं, "आता किती झालं असंल?" आणि सगळा घोळका गलबलला.

मामा काही न बोलता मागच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. जुन्या लेजरांच्या मागनं फळा ओढून काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि दारात खुर्चीवर टेकवून ठेवला. पिग्मी एजंट पुलावरनं नुकताच भिजून आला होता, त्याला आकडा विचारला. खिशात खडू होताच, कसा काय ते मी विचारलं नाही. मामांनी लिहिलं, "आयर्विन ३८ फूट ४ इंच". खाली रेघ मारली. हात क्षणभर थांबला, मग सवयीनं रेघेखाली लिहिलं, "हुकमावरून".

गुरुजी गर्दीतनं काठी टेकत पुढं आले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि अनुभवी माणसाच्या घाईनं विचारलं, "हे किती वेळ राहणार, मामा?"

मामांनी खडूचे हात पँटीला पुसले.

"मी पुसंस्तवर."