'प्रचंड'बद्दलची माझी पोस्ट चुकली होती

रविवारी मी लिहिलं होतं, '१५६ प्रचंड हेलिकॉप्टर सैन्यात दाखल, चीता-चेतक आता निवृत्त.' (चीता, चेतक ही सैन्याची जुनी हलकी हेलिकॉप्टरं.) ते चूक आहे, आणि अजून फिरतंय.

२८ मार्च २०२५ ला झाले ते फक्त खरेदीचे करार. संरक्षण मंत्रालयाचं पत्रक मी पोस्ट टाकल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. १५६ पैकी ६६ हवाई दलाला, ९० लष्कराला. किंमत कर वगळून ६२,७०० कोटी. पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होणार आणि पुढे पाच वर्षं चालणार.

दुसरी चूक जास्त मोठी. प्रचंड हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर. एकामागे एक अशा दोनच जागा, नाकाखाली २० मिमीची तोफ. सामान पोचवणं, जखमींना आणणं ही चीता-चेतकची कामं ते करणार कुठे? त्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सरकारी कंपनीचं एलयूएच (लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर) हे एका इंजिनाचं वेगळं हेलिकॉप्टर आहे. नाशिकरोडला गांधीनगरवरून चेतक उडताना लहानपणापासून बघतोय, तरी ही गफलत झाली!

जुनी पोस्ट काढली आहे. तिचा स्क्रीनशॉट तुमच्या ग्रुपवर असेल तर पुढे पाठवू नका, त्याखाली हा खुलासा टाका.