पैसे घेतले म्हणून ‘मुक्त’ नाही?

‘आर्डर डाउनलोडला पैसे मागतं, म्हणजे ते नावालाच मुक्त’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. (आर्डर म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर, जीपीएल हा त्याचा मुक्त परवाना.) जीपीएल प्रत विकायला मनाई करत नाही. बायनरी (थेट चालणारा तयार प्रोग्राम) दिली की सोर्स कोडही (ज्यातून ती बनते तो मूळ कोड) द्यावा लागतो आणि घेणाऱ्याला तो बदलण्या-वाटण्याचा हक्क मिळतो, एवढंच. आर्डरचा पूर्ण कोड फुकट आहे, पैसे तयार बायनरीचे. फुकटची अधिकृत डेमो प्रत दहा मिनिटांनी गप्प होते, पण डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या भांडारातल्या प्रतीला ती मर्यादा नाही. (आवृत्ती मात्र बऱ्याचदा जुनी असते.)

कोडपासून बायनरी स्वतः बनवायची, म्हणजे बिल्ड करायचं असेल तर गिटहब या कोडच्या साइटवरची झिप घेऊ नका. आवृत्ती क्रमांक गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून काढला जातो. झिपमध्ये हा इतिहास नसतो, म्हणून कॉन्फिगर करतानाच (बिल्डच्या आधीच्या तपासणीतच) गाडी अडते. गिट क्लोनच करा (इतिहासासकट प्रत घ्या), मग वॅफ या बिल्डच्या साधनाच्या आज्ञा क्रमाने: वॅफ कॉन्फिगर, वॅफ, वॅफ इन्स्टॉल. कॉन्फिगरला ऑप्टिमाइझचा (वेगवान बिल्डचा) पर्याय विसरलात तर डीबग बिल्ड (चुका शोधायला सोयीचं, पण संथ) बनतं, आणि ट्रॅक वाढले की आवाज तुटायला लागतो. दोष मग उगाच साउंडकार्डच्या माथी. डेव्ह पॅकेजेस (बिल्डला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्यांच्या फाइल्स) कमी असतील तर कॉन्फिगर नाव घेऊन सांगतं. एकेक टाकत जायचं. विंडोज-मॅकवर हे सगळं बरंच किचकट आहे, तिथे पैसे भरलेले परवडतात.