तालुक्याच्या पत्रकारावर पाळत ठेवायला पेगॅसस लागत नाही

गिरणेच्या पात्रात रात्री वाळूचोरांचे डंपर उतरतात, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मांडणीवरची भांडी वाजतात. छापणारा मात्र तालुक्यात एखादाच. माझा मावसभाऊ त्यातला. (तालुका मुद्दाम लिहीत नाही.) दिवसा मोबाईल दुरुस्तीचं दुकान, संध्याकाळी बातम्या. पगार नाही, जाहिरातींवर कमिशन. आणि जाहिराती कोण देतं, ते विचारू नका.

परवा पात्राचे फोटो काढून आला, गाडी अंगणात लावतोय तोच फोन. "काय भाऊ, नदीवर काय करी ऱ्हायना?" बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, आवाज अगदी मवाळ. याची तक्रार पोलिसात काय म्हणून लिहायची?

२०२१ मध्ये पेगॅससवरून, म्हणजे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या इस्रायली सॉफ्टवेअरवरून, देशभर गदारोळ झाला. सुप्रीम कोर्टाच्या समितीनं २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठाम काही निघालं नाही. ती लढाई खरीच आहे. पण आमच्याकडे तहसीलदाराची गाडी निघाली की ग्रुपवर लोकेशन टाकणारी पोरं चौकात बसलेली असतात. माझ्या भावाची गाडीही ती पोरं नंबरासकट ओळखतात.

पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा आहे ना, असं म्हणाल. आहे. २०१७ ला विधिमंडळात मंजूर झाला, २०१९ ला लागू. हल्ला अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, तपास डीवायएसपी किंवा वरच्याच अधिकाऱ्याकडे. तरी २०२३ च्या फेब्रुवारीत राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीनं चिरडलं, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. ऑगस्टमध्ये आपल्या पाचोऱ्यात एका पत्रकाराला भररस्त्यात मारलं.

त्यातही खरी मेख कायद्यातल्या पत्रकाराच्या व्याख्येत आहे. पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय हवा, आणि संस्थेत कायम किंवा कंत्राटी नेमणूक हवी. भावाकडे दोन्ही नाही. दुकानाचा गुमास्ता परवाना तेवढा आहे. जिल्ह्याच्या गावी बसलेल्या संपादकांना माझं एकच म्हणणं: बातमी घेता ना त्याची? मग कंत्राटाचा एक कागद द्या, सहीशिक्क्याचा. त्याला काही खर्च येत नाही. देत नाहीत, कारण उद्या काही झालं तर "तो आमचा नव्हता" म्हणायची सोय राहते.

फोटो छापून आले काल, आतल्या पानावर. खाली नुसतं 'प्रतिनिधी'. नाव टाकू नका असं त्यानंच सांगितलं होतं, म्हणाला. वहिनी म्हणाल्या, चौकातली पोरं पेपर वाचत नाहीत, त्यांना आधीच माहीत आहे.