सुरुवात सारखी म्हणून अर्थ सारखा?

पालकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: पाठांतर सोडा, ज्या इंग्रजी शब्दांची सुरुवात सारखी त्यांचा अर्थही सारखा. आय-एन म्हणजे नाही, पी-ई-डी म्हणजे पाय, जी-एल म्हणजे प्रकाश, एस-एन म्हणजे नाक. चार चाव्या, हजारो शब्द! मी शिकवणीत इंग्रजी शिकवते आणि या चाव्या लावलेल्या वह्या तपासते, म्हणून लिहिते आहे.

आधी आय-एन, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. इनकरेक्ट, इनव्हिजिबल इथवर ठीक. पण पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ लिहिला, 'अजिबात न पेटणारे'. चावी लावली तर हेच उत्तर निघतं. इथला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इन'चा 'आत' असाही अर्थ आहे, आणि 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणं. हा घोळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो. म्हणूनच अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं.

पेडल आणि पेडेस्ट्रियन पायाचेच, लॅटिनमधले. पेडियाट्रिशियन मात्र लहान मुलांचा डॉक्टर. तो ग्रीकमधून आला, मूल या अर्थाच्या शब्दापासून. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी-ए-ई-डी असा त्याचा माग अजून दिसतो. अमेरिकन स्पेलिंगने ए गाळला आणि दोन वेगळी घराणी एक दिसू लागली.

जी-एलमध्ये तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिसन. काही वर्षं लाहोरला शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा ध्वनिगटांना 'फोनेस्थीम' हे नाव दिलं. पण ग्लव्ह, ग्लू, ग्लोब यांत उजेड कुठे आहे? एस-एनचंही तेच. स्निफ, स्नोअर, स्नाउट नाकाचे, पण स्नो आणि स्नेक? आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे खुद्द 'स्नीझ' पूर्वी 'फ्न'ने सुरू व्हायचा. जुन्या लिपीत एफ आणि लांब एस (एस लिहिण्याची जुनी उभट पद्धत) जवळपास सारखे दिसत. पुढे 'फ्न'चे शब्द इंग्रजीतून गेले आणि शिंक एस-एनच्या रांगेत येऊन बसली. म्हणजे ओढ खरी आहे, नियम नाही.

राहिलं 'पाठांतर सोडा'. 'बेकार', 'बेसूर' असे शब्द बोलणारं आपलं पोर 'बेडूक' किंवा 'बेसन' यांतला 'बे' वेगळा तोडायला जात नाही, कारण ते शब्द त्याने घरात ऐकलेले असतात. इंग्रजीचं तेवढं ऐकणं आमच्या मुलांच्या वाट्याला येत नाही. त्यांना शब्द वाक्यासकट भेटावा लागतो, कोशातली व्युत्पत्तीची ओळ बोट ठेवून दाखवावी लागते. मेसेज पुढे पाठवणारच असाल, तर निदान आय-एनची ओळ त्यातून काढा.