पिक्चर बघून बॉक्सिंगच्या बॅच काढणं बंद करा!

बॉक्सिंग चॅम्पियनवरचा एखादा चरित्रपट आला, किंवा जुनाच टीव्हीवर परत लागला, की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये कागद चिकटलेच समजा. ‘किड्स बॉक्सिंग, सोम-बुध-शुक्र, क्लबहाऊस.’ शिकवणार कोण, तर कालपर्यंत झुंबा घेणारा ट्रेनर. सामान म्हणजे ठोसे मारायची एक टांगती बॅग आणि मोठ्या माणसांच्या मापाचे दोन जोड ग्लोव्हज, तेच सगळ्या पोरांच्या हातात आळीपाळीने. ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्यांचा पत्ताच नाही. हे बघून डोकं फिरतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे हात आहेत ते, अजून वाढताहेत!

पिक्चरमध्ये गाणं सुरू होतं, हिरोइन डोंगर चढते, बॅगेवर दणादण ठोसे घालते आणि गाणं संपेपर्यंत तयार होते. ट्रेनर ते गाणंच विकतो. वर पालकांना सांगतो, मेरी कोमने २००० साली इंफाळला बॉक्सिंग सुरू केलं आणि २००१ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. खरं आहे. पण ती शेतात राबलेली, शाळेत भालाफेक करणारी आणि ४०० मीटर पळणारी मुलगी होती, हे कोण सांगणार? तुमच्या टॉवरमधलं पोर शाळेच्या बसमधून उतरून थेट बॅगेसमोर उभं राहतंय.

पट्टीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा हलगर्जीपणा तिथेच होतो. ठोसा बसला की तळहातातली लांब हाडं एकमेकांपासून फाकायला बघतात आणि मनगट दुमडायला बघतं. ग्लोव्हची गादी आघात मऊ करते, हाडं आणि मनगट आवळून धरते ती पट्टी. मोठ्यांना साडेचार मीटर लागते, लहान मुलांना पावणेतीन मीटर पुरते, रुंदी साधारण पाच सेंटिमीटर. पट्टीच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची. मनगटाला तीन वेढे, नकल्सवर, म्हणजे मुठीच्या पुढच्या उंचवट्यांवर, तीन वेढे, मग करंगळीच्या बाजूपासून बोटांच्या तिन्ही फटींतून एकेक वेढा काढून दर वेळी मनगटाकडे परत यायचं. उरलेली पट्टी मनगटावरच संपवून वेल्क्रो लावायचं. बांधताना बोटं फाकलेली हवीत. जुळवून बांधली, तर मूठ वळल्यावर पट्टी करकचून आवळते आणि बोटांना मुंग्या येतात. ढिली बांधली, तर घामाने सरकून ग्लोव्हमध्ये तिचा बोळा होतो. सवय झाली की एका हाताला दोन मिनिटं लागतात. तासाच्या बॅचमध्ये तेवढा वेळ नाही म्हणे!

मग ठोसा. कॅमेऱ्याला दिसावा म्हणून पडद्यावर तो खांद्यामागून ओढून आणतात, बसल्यासारखा दाखवतात आणि आवाज नंतर भरतात. पोरं तेच उचलतात. असा फिरवून मारलेला ठोसा करंगळीच्या बाजूच्या नकलवर पडतो आणि करंगळीखालचं तळहातातलं हाड नकलच्या जरा खाली मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. आघात तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सवर घ्यायचा, मनगट हाताच्या रेषेत सरळ ठेवायचं, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हनुवटीपाशी सुरू करून त्याच वाटेने परत आणायचा. हे आधी आरशासमोर, रिकाम्या हातांनी, कित्येक आठवडे. बॅग त्यानंतर. पण आरशासमोरच्या सरावाची रील चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पोर बॅगेवर!

ती बॅगही वाळूची. वाळू खाली बसते आणि तळाचा भाग दगडासारखा कडक होतो. भरण कापडाच्या चिंध्यांची हवी, वजन मारणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. तळाशी अंगठा दाबून बघा, आत जात नसेल तर मुलाला तिथे मारू देऊ नका. मोठ्यांच्या १२ औंसच्या ग्लोव्हमध्ये लहान मूठ नीट वळत नाही, अंगठा बाजूला सुटा राहतो आणि मुरगळतो. पावसाळ्यात तेच ओले ग्लोव्हज चेन लावलेल्या पिशवीत कोंबून ठेवतात, मग पोरांच्या हातांना खाज आणि बुरशी. उघडे करून पंख्याखाली ठेवायला काय जातं?

सगळ्यात जास्त संताप होतो तो लढतीसाठी पोरांच्या जोड्या लावताना. २०१४ चा ‘मेरी कोम’ हा पिक्चर २००८ च्या चौथ्या जागतिक विजेतेपदाशी थांबतो. लंडन ऑलिंपिक त्यात नाही, आणि वजनगट म्हणजे काय हे लंडननेच दाखवलं. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांचे तीनच गट होते, ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीचा ४८ किलोचा गट नव्हताच, म्हणून तिला ५१ मध्ये उतरावं लागलं. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ती ११-६ अशी हरली आणि कांस्य घेऊन आली. तोवर पाच वेळा जगज्जेती झालेल्या बाईलाही तीन किलो वरच्या गटात जाणं सोपं नव्हतं. आणि इथे नववीतला साठ किलोचा मुलगा सहावीतल्या पस्तीस किलोच्या मुलासमोर उभा करतात, हेडगार्ड नाही, माउथगार्ड नाही, आणि आई-बाप टाळ्या वाजवत व्हिडिओ काढतात! अहो, डोक्याला मार बसतोय त्याच्या!

फी भरण्याआधी ट्रेनरला पोराच्या हाताला पट्टी बांधून दाखवायला सांगा. वजनकाटा कुठे आहे विचारा. स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर सरावाची लढत, किती महिन्यांनी सुरू करणार, तेही विचारा. ‘पहिल्या आठवड्यात’ असं उत्तर आलं, तर पोराला घेऊन तिथून निघा.