बॉम्बे हायची आग आठवली

तौक्ते वादळात (मे २०२१) बुडालेल्या पी-३०५ बार्जवरचा (बार्ज म्हणजे कामगारांना राहायचं तरंगतं जहाज) तुमचा लेख वाचून २००५ आठवलं. २७ जुलै. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई पाण्यात होती, आमच्याकडे ना वीज ना फोन. काका तेव्हा ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून बुडाला आणि २२ जण गेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. काका दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर होते, म्हणून वाचले.

सुरुवात कशाने झाली माहितीये? जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली. खराब हवामानात हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीत बसवून प्लॅटफॉर्मवर घेतलं. तो पोचलाही, पण नंतर ते जहाज गॅसच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळातून वर येणारा पाइप. तो फुटला आणि दोनेक तासांत सगळा प्लॅटफॉर्म पाण्याखाली गेला. जिथे जहाजं रोज लागतात त्याच बाजूला असा पाइप, आणि मोठ्या जहाजाचा धक्का सोसेल असं कुंपण नाही!

सोळा वर्षांनी पुन्हा तोच समुद्र. वादळाचे इशारे आधीच आलेले, तरी माणसं बार्जवरच. पी-३०५ आणि वरप्रदा टग (जहाजं ओढणारी बोट) मिळून ८० हून अधिक गेले, बरेचसे कंत्राटी. त्यांच्या घरच्यांचं आज कसं चाललंय, यावरही लिहा, ही कळकळीची विनंती.