आरव्हींची गर्दी कशामुळे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ऑशकॉशला दर जुलैअखेर विमानांचा मोठा मेळावा भरतो. तिथे घरी बांधलेल्या विमानांच्या रांगांत जिकडेतिकडे आरव्ही दिसतात, म्हणजे व्हॅन्स कंपनीच्या सुट्या भागांच्या संचातून जोडलेली अॅल्युमिनियमची छोटी विमानं. त्यांचे फोटो टाकून एक दावा सतत फिरवला जातो: ‘लोकांनीच कौल दिलाय. आरव्ही सर्वांत वेगवान आणि निर्दोष. लाकडी विमानं कालबाह्य झाली, कनार्ड (छोटा पंख पुढे, नाकाजवळ असलेली विमानं) धोक्याची म्हणून संपली.’ आरव्ही मला मनापासून आवडतं, तरीही हा दावा खोडायलाच हवा.

‘लोकांचा कौल.’ मेळाव्यात दिसतात ती फक्त तिथवर उडत आलेली विमानं. ताशी 170-200 मैल वेगाचं आरव्ही कॅलिफोर्नियाहून पहाटे निघून अंधार पडायच्या आत पोचू शकतं. ताशी सत्तर-ऐंशी मैलांनी जाणाऱ्या लाकडी पिटेनपोलला त्याच प्रवासाला काही दिवस लागतात. पण पिटेनपोलवाल्यांचा स्वतःचा मेळावा त्याच राज्यात, ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर, ऑशकॉशच्या जरा आधी भरतो. तिथे मोजा, कौल उलटा निघेल.

‘सर्वांत वेगवान.’ लँकेअर फोर आणि ग्लासेअर थ्री ही घरी बांधायचीच विमानं, दोन्ही जास्त वेगवान आहेत, आणि दोन्ही संख्येने कितीतरी कमी.

‘निर्दोष.’ व्हॅन्सच्या सुट्या भागांत लेझरने कापलेल्या भोकांच्या कडांना तडे जाण्याचं प्रकरण विसरलात? डिसेंबर 2023 मध्ये व्हॅन्सला दिवाळखोरी कायद्याचा आसरा घ्यावा लागला होता.

‘कनार्ड धोक्याची.’ हे तर साफ चूक. लाँग-ईझी या घरी बांधायच्या कनार्डमध्ये पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, नाक खाली येतं आणि मुख्य पंख उचल धरून राहतो. रचनाच तशी आहे. तिचे रचनाकार बर्ट रुटान यांनी 1985 मध्ये आराखडे विकणं थांबवलं, त्यामुळे नवी विमानं कमी झाली. शिवाय प्रोपेलर मागे, चाकांनी उडवलेले खडे थेट त्यावर आपटतात. मग कच्च्या धावपट्टीवरच्या छोट्या मेळाव्यांना लाँग-ईझीवाला येईलच कशाला?

आरव्हींच्या गर्दीचं खरं कारण गॅरेजमध्ये आहे. लाँग-ईझीसाठी फोम गरम तारेने कापायचा, त्यावर काचेचं कापड इपॉक्सीने बसवायचं, आणि मग महिनोन्महिने घासत बसायचं. आरव्ही-4 या जुन्या मॉडेलच्या काळात अॅल्युमिनियमवाल्यांचेही हाल होतेच: आधी लाकडी साचा उभारा, मग एकेक भोक मोजून पाडा. पुढच्या मॉडेलांत भोकं कारखान्यातूनच पाडून यायला लागली. पत्रा रिबवर (पंखाच्या आतल्या फासळीवर) ठेवायचा, भोकावर भोक जुळवायचं, क्लेको (तात्पुरत्या पकडपिना) लावायचे, रिव्हेट मारायचे. काही चुकलं तर भोकं जुळतच नाहीत, म्हणजे चूक जागच्या जागी कळते. म्हणून आरव्ही सुरू करणाऱ्यांची विमानं पुरी होतात. आजवर अकरा हजारांहून जास्त आरव्ही उडाली आहेत, त्यामुळे अडलं तर तेच मॉडेल बांधलेला माणूस बहुधा जवळच्याच विमानतळावर सापडतो.